अगरबत्ती विझेपर्यंत

४ सप्टेंबर, गुरुवार

आज वर्ध्याहून आलेल्या पाहुण्यांसमोर मान खाली घालावी लागली. मौन मंडळाची बैठक साडेसहाची. पाहुणे, एक निवृत्त प्राध्यापक, सहालाच हजर. आमची मंडळी पावणेसातपर्यंत एकेक करून येत होती. पटावर बत्तीस, आले तेरा. सगळे डोळे मिटून बसले आणि पाचव्या मिनिटाला शेजारची बकरी टिनाच्या शेडखाली शिरून पाहुण्यांच्या स्वागताचा हार खाऊ लागली. वस्तीतल्या तानबानं डोळे न उघडता तिला हट् केलं. ती हलली नाही. मौन मोडल्याचं त्याला वाईट वाटलं असावं, कारण दुसऱ्यांदा त्यानं नुसता हात हलवला. हार संपवूनच ती गेली.

सव्वीस वर्षांपूर्वी कै. सदाशिवराव गुरुजींनी हे मंडळ काढलं, ते त्यांच्या शाळेतल्या चिंधू शिपायाच्या अंगणात, बस स्टँडमागच्या वस्तीत. अर्धा तास मौन, एक पान वाचन, एक भजन. देवाचा फोटो नाही, महाराज नाही, वर्गणी नाही. अकरा सभासद वस्तीतले, बाकीचे आमच्या कॉलनीतले. आता चिंधूही जाऊन दोन वर्षं झाली. त्याची बायको सुलोचनाबाई अंगण झाडते, सतरंज्या घालते, पाणी भरून ठेवते. नीटनेटकं करते हो. मी चारचौघांत तिचं कौतुक केलेलं आहे.

निघताना प्राध्यापकांनी अगदी सौम्यपणे विचारलं, पुढच्या दहा वर्षांचा काही विचार केलाय का? आणि मी, आठ वर्षं ह्या मंडळाची सचिव, कॉन्व्हेंटच्या वादविवाद स्पर्धेची ढाल तीनदा घरी आणलेली बाई, गप्प. शेडवरच्या फाटक्या ताडपत्रीकडे बघत राहिले.

९ सप्टेंबर

मंडळाचा पुढचा विचार करायला काढलेल्या दिशा समितीची बैठक आमच्याकडे. मी, धीरज आणि योगवर्गवाली पौर्णिमा. तिघंही कॉलनीतलेच निघालो, हा योगायोग. धीरजचे हिंगणघाट रोडवर शिकवणी वर्ग आहेत, वरचा हॉल रिकामाच असतो. तो मंडळाला कायमचा द्यायला तयार आहे. पंखे, खुर्च्या, माइक, गाड्या लावायला जागा. त्याचे विद्यार्थीही येतील, म्हणजे तरुण रक्त. मंडळ रजिस्टर करायचं, वर्षातून दोन शिबिरं घ्यायची. मी आठ पानी टिपण लिहिलं, "पुढील दहा वर्षे". स्वतःच्या लेखनाबद्दल बोलू नये, पण असं मुद्देसूद मराठी ह्या तालुक्यात हल्ली कोणी लिहीत नाही.

हॉलचा पहिला दिवस दसरा ठरवला. शुभ दिवस, सुट्टी, आणि योगायोगानं गुरुवारच. तिघांनाही एकदम सुचलं.

आमचे हे, बंडोपंत, पेपर वाचत बसले होते. सुलोचनाबाईला नाही का बोलावलं, म्हणाले. मी म्हटलं, बैठकी कंटाळवाण्या असतात, तिला कशाला दोन तास अडकवून ठेवायचं? "बरोबर," असं म्हणून त्यांनी पेपर उलटला. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, त्यामुळे ह्या माणसाच्या "बरोबर"मध्ये काय असतं ते कळत नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

मंजूर! एकमतानं.

आमची पद्धत गुरुजींची. ठराव वाचायचा, अगरबत्ती लावायची, ती विझेपर्यंत सगळ्यांनी गप्प बसायचं. हरकत असेल त्यानं तेवढ्यात बोलायचं. विझेपर्यंत कोणी बोललं नाही तर ठराव मंजूर, मी वहीत तारीख घालून सही करते. हात वर करणं नाही, वाद नाही. प्राध्यापकांनाही ही पद्धत फार आवडली होती.

आज मी आठही पानं वाचली. आवाज शेवटच्या सतरंजीपर्यंत पोचला. अगरबत्ती सुलोचनाबाईनंच लावली. चाळीस मिनिटं पानसुद्धा हललं नाही. तानबानं एकदा खाकरून घसा साफ केला, तेव्हा वाटलं आता बोलतोय, पण तो नुसताच खाकरला. अगरबत्ती विझली आणि धीरजनं टाळ्या वाजवल्या. वस्तीतल्या लोकांनीही वाजवल्या.

नंतर सतरंज्या गोळा करता करता सुलोचनाबाईनं विचारलं, "मॅडम, तारीख कोणती धरली?"

"दोन ऑक्टोबर. दसरा."

"बरं," ती म्हणाली, आणि सतरंजीची घडी तिनं पुन्हा उलगडून नव्यानं घातली.

तिला आनंद झाला असणार. आता दर गुरुवारी झाडलोट नको.

२७ सप्टेंबर

साठ खुर्च्या. बॅनर. पौर्णिमा म्हणते मौनाच्या आधी बासरी लावू या. मी म्हटलं, मौनाच्या आधी मौनच बरं. रुसली.

२ ऑक्टोबर, दसरा

संतापात लिहितेय, अक्षर बघा कसं आलंय.

हॉल भरला होता. धीरजचे वीस-बावीस विद्यार्थी, कॉलनीतले झाडून सगळे, वर्ध्याचे प्राध्यापकही आवर्जून आले. आणि वस्तीतला एक माणूस नाही. एकही नाही! मी पट काढून मोजले, अकरा जण. अकरा रिकाम्या खुर्च्या पहिल्या दोन रांगांत, कारण मी मुद्दाम त्यांना पुढे बसवणार होते. प्राध्यापक इकडेतिकडे बघून म्हणाले, ज्यांच्या अंगणात आपण बसलो होतो त्या बाई दिसत नाहीत? मी म्हटलं, तब्येत बरी नसेल. सरळ खोटं बोलले, अर्धा तास मौन पाळायच्या दोन मिनिटं आधी.

घरी येऊन बंडोपंतांसमोर सगळं ओकले. तोंडावर होकार द्यायचा, टाळ्या वाजवायच्या आणि ऐनवेळी पाठ फिरवायची, ह्याला काय म्हणायचं? हरकत होती तर बोलायला चाळीस मिनिटं होती!

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "इला, आज दसरा. वस्तीतले लोक नागपूरला गेलेत. दीक्षाभूमीवर. दरवर्षी जातात. कालपासून स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती."

मी म्हटलं, मग मला आधी का नाही सांगितलंत?

"मला वाटलं, तुला माहीत आहे. चौतीस वर्षं राहतो आपण इथे."

३ ऑक्टोबर

माहीत होतं. कोणी विचारलं असतं, दसऱ्याला बौद्ध लोक कुठे जातात, तर मी वर्गात सांगावं तसं सांगितलं असतं, सनासकट. पण ती तारीख लिहिताना हे लोक माझ्या डोळ्यांसमोरच नव्हते. बत्तीस जणांचं मंडळ म्हणत होते आणि तीन जणांचं कॅलेंडर बघत होते.

तिनं तारीख विचारली होती. "बरं" म्हणाली होती.

चूक झाली, पण चूकच. एका तारखेची. जाऊन सांगून येईन, विषय संपेल.

५ ऑक्टोबर, रविवार

विषय संपला नाही.

सकाळी गेले. सुलोचनाबाई शेतावर गेली होती, सोयाबीन काढणीला. सून मयुरी घरी होती. ती आरोग्य केंद्रात नर्स आहे, मला बीपीच्या गोळ्या तीच देते, एरवी हसून बोलते. आज तिनं खुर्ची दिली आणि स्वतः उभी राहिली. मी तारखेबद्दल दिलगिरी व्यक्त केली. "व्यक्त केली" हाच शब्द बरोबर आहे. भाषणात करतात तशी.

मयुरी म्हणाली, तारखेचं मोठं नाही मॅडम, तारीख बदलता येते. मग मोठं काय, मी विचारलं. अगरबत्ती लावली होती, सगळे हजर होते, बोलायचं होतं.

"कोण बोलणार होतं मॅडम? तुम्ही आठ पानं वाचली. आमच्या तानबाबुवानं सातवी केली आहे. त्यांनी मधेच उठून काय म्हणायचं, मले नाई पटत? तुम्ही दोन प्रश्न विचारले असते तर ते तिथेच बसले असते खाली मान घालून."

मी म्हटलं, मग गुरुजींची पद्धतच चुकीची म्हण ना.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पूर्वी गृहपाठ न करता आलेल्या मुलींकडे बघत असे. "गुरुजी आधी घरोघरी जात होते, मॅडम. ठराव मांडायच्या आधी. प्रत्येकाच्या घरी बसून विचारत होते. चहा पिऊन. सगळ्यांचं झालं की मगच अगरबत्ती. ती तर फक्त शेवटी कोणाचं मन बदललं तर म्हणून होती. मामंजी सांगत होते, एका ठरावाला पाच महिने लागले होते."

असा काही नियम नाही, मी म्हणाले. नियमांची प्रत माझ्याकडे आहे, माझ्या अक्षरात.

"असेल," ती म्हणाली.

घरी येऊन प्रत पुन्हा वाचली. नाही तसा नियम. उद्या गुरुजींची मूळ वही शोधून तिच्या समोर नेऊन ठेवते.

६ ऑक्टोबर

सापडली.

नियम चौथा, गुरुजींच्या बारीक अक्षरात. "ठराव मांडणाऱ्याने प्रथम प्रत्येक सभासदाच्या घरी जाऊन, बसून, त्याचे मत विचारावे. एकाचेही उत्तर बाकी असता अगरबत्ती लावू नये."

त्यावर आडवी लाल रेघ. समासात लाल शाईत दोन शब्द, "अव्यवहार्य. वेळकाढू." अक्षर माझं.

गुरुजी वारल्यावर मी नियमांची स्वच्छ प्रत करायला घेतली होती, आठ वर्षांपूर्वी. तेव्हाच मारली असणार. आठवत नाही, असं इथं लिहिलं आणि खोडलं. आठवतं. पट्टी घेऊन रेघ मारली होती.

आमच्या सिस्टर सांगत, रात्री झोपायच्या आधी दिवसभरातलं एक तरी खरं पाप लिहा, म्हणजे वही खोटी होत नाही. आम्ही मुली "आज मी शेजारणीचं रबर घेतलं" असलं लिहायचो. पन्नास वर्षं मी दैनंदिनीत तेच लिहीत आलेय. आज दुसरं लिहिते.

वेळकाढू म्हणून मी तो नियम काढला नाही. गुरुजी हयात असताना मी एकदाच त्यांच्याबरोबर घरोघरी गेले, मंडळात आल्यावरच्या पहिल्या वर्षी. सुलोचनाबाईच्या स्वयंपाकघरात पाटावर बसवलं आम्हाला. तिनं चहा दिला. गुरुजींनी फुर्र करून पिऊन टाकला. मी कप हातात धरून बसले. ती पाणी आणायला वळली तेव्हा मी तो मागच्या दाराबाहेर ओतला. नंतर स्वतःला सांगितलं, साखर जास्त होती. मला साखरेचा आजार त्यानंतर तीन वर्षांनी झाला. आणि मी कप भिंतीशी ठेवून मान वर केली तेव्हा ती दारात उभी होती, हातात तांब्या. तिनं कप उचलला आणि म्हणाली, बसा, अजून घेता का?

आपण जातपात मानत नाही, हे मी किती जणांना सांगितलंय. शाळेत कॅरोलिन आणि फातिमाच्या डब्यातलं खाल्लं, हे तर प्रत्येक भाषणात. आणि एक नियम कापून टाकला, का, तर अकरा घरी चहा प्यावा लागू नये.

८ ऑक्टोबर

बंडोपंतांना सांगितलं. चहासकट. मला वाटलं, आता म्हणतील जाऊ दे, जुनी गोष्ट. ते म्हणाले, "मग आता?"

९ ऑक्टोबर, गुरुवार

हॉलवर. मौन झाल्यावर धीरजला बाजूला घेऊन म्हटलं, वस्तीतल्या लोकांना विचारलंच गेलं नाही, सगळं परत पहिल्यापासून करावं लागेल. तो हुशार मुलगा आहे. लगेच म्हणाला, सुलोचनाकाकूंना मानद अध्यक्ष करू, शाल-श्रीफळ देऊ, फोटो लावू. आत्ताच ठराव घेऊ या. आणि माइकवर जाऊन त्यानं तो मांडलासुद्धा. पौर्णिमेनं अगरबत्ती पेटवली. सगळ्यांनी डोळे मिटले.

मी बसून राहिले. चार-पाच मिनिटं गेली असतील. मग उठले आणि म्हणाले, माझी हरकत आहे.

आठ वर्षांत अगरबत्ती चालू असताना कोणी पहिल्यांदाच बोललं. चाळीस जोडी डोळे उघडले. धीरज म्हणाला, मॅडम, हे तर तुमच्याच मनासारखं आहे ना? मी म्हटलं, बाईंना विचारलंय का? तो हसला. म्हणाला, नाही कशाला म्हणतील?

हरकत आली म्हणून ठराव राहिला. महिन्यापूर्वी हेच मी म्हणाले असते, जरा बऱ्या मराठीत.

१४ ऑक्टोबर

चार दिवसांत दहा घरं झाली. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे उत्तर लिहिलं. ऐकलं तसं, माझं व्याकरण न लावता.

तानबानं दारातच जय भीम घातला. मी सवयीनं नमस्कार म्हणाले आणि मग थांबून जय भीम म्हणाले. तो म्हणाला, "राहू द्या मॅडम, नमस्कार बी चालते." हॉलबद्दल त्याचं मत, "तिथं वर पंखे लय हायेत म्हणते. माह्या अंगावर वारं आलं की मले झोप लागते. मंग मौन होय का झोप होय, कसं समजन?" दोघींनी सांगितलं, जिना चढवत नाही. मला हा मुद्दा आठ पानांत सुचला नव्हता. तिघं म्हणाले, हॉल चालेल, पण खुर्च्या नकोत, खुर्चीवर कोण पुढं कोण मागं ते दिसतं. एकानं स्पष्ट सांगितलं, त्याला आता कुठंच यायचं नाही. तेही लिहिलं.

दहा घरचा चहा प्यायले. साखर दोनशे ऐंशीवर गेली. ह्याचं मला कौतुक वाटायला लागलं होतं, चौथ्या घरी लक्षात आलं. पाचव्यापासून बिनसाखरेचा मागितला.

आता सुलोचनाबाई.

१५ ऑक्टोबर

ती अंगणात सुपात सोयाबीन पाखडत होती. सतरंज्यांचा गठ्ठा शेडखाली, दोरीनं बांधलेला. मी समोर ओट्यावर बसले. बसा म्हणाली नाही, नका बसू असंही नाही.

वही दाखवली. लाल रेघ दाखवली. ओतलेल्या चहाचंही बोलले, मोठ्यानं, मयुरी आत होती तरी. तिनं सूप थांबवलं नाही. मग विचारलं, सुलोचनाबाई, मंडळ कुठं बसावं, कसं चालावं, तुमचं काय मत?

"अंगण गेलं त्याचं मले काही नाई," ती म्हणाली. "हे गेल्यापासून एकटीच झाडत होती. कंबर दुखते. तुमी घरी येऊन इचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, घेऊन जा."

मला एकदम हायसं वाटलं. खोटं कशाला लिहू, सुटल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, मग तुम्ही याल ना? जागा तुम्ही सांगाल ती, खालच्या मजल्यावरही करता येईल.

तिनं सूप खाली ठेवलं.

"मॅडम, तुमी हे मले काऊन विचारून राह्यल्या? मंडळासाठी, का रात्री तुमाले झोप लागावी म्हणून?"

तिनं सूप पुन्हा उचललं. मी बसून राहिले. दाणे सुपात वाजत होते, कचरा उडत होता. अर्धा तास तरी गेला असेल. ती पुढे एक अक्षर बोलली नाही. मयुरी आतून बाहेर आली नाही. ह्या गावात दारी आलेल्या वसुलीवाल्यालाही चहा विचारतात. मला विचारला नाही.

उठले. येते म्हणाले. दहाच्या खाली अकरावं नाव लिहिलं, आणि पुढे, "विचारलं. उत्तर बाकी."

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज हॉल नेहमीपेक्षा भरलेला. दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आत धीरजला सगळं मार्गी लावायचं होतं. वस्तीतून तानबा एकटा आला, पंखे खरंच किती आहेत ते बघायला. दाराशी जमिनीवर बसला. मी खुर्ची सोडून त्याच्या शेजारी जाऊन बसले, तर तो म्हणाला, "सरका जरा मॅडम, भिंत माही हाय."

धीरज म्हणाला, अकरापैकी दहा जणांचं आलं, म्हणजे झालंच. मी उठून उभी राहिले. चौथा नियम वाचला, गुरुजींनी लिहिला होता तसा. मग म्हणाले, हा मी खोडला. का खोडला तेही सांगितलं, कप, मागचं दार, दारात उभी असलेली बाई. माइक घेतला नाही. शेवटी म्हणाले, एक उत्तर बाकी आहे. ते कधी येईल मला माहीत नाही, येईलच असंही नाही. तोवर अगरबत्ती लावता येणार नाही, आणि सचिव म्हणून मला ठेवायचं का तेही तुम्हीच ठरवा, आत्ता सांगा.

आणि थांबले.

कोणी बोललं नाही. पौर्णिमा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. धीरज मोबाइलकडे बघत होता. कॉलनीतल्या दोघीतिघी माझ्याकडे बघत होत्या, त्यांचे चेहरे मी वीस वर्षं ओळखते आणि मला त्यातलं काही वाचता येईना. राग होता, कीव होती, का घरी जायची घाई? तानबाचे डोळे मिटलेले. पटतंय म्हणून गप्प कोण, आणि हिच्याशी बोलून काय उपयोग म्हणून गप्प कोण, काही कळेना. मी एकेका तोंडाकडे बघत उभी राहिले.

अशाच गप्प तोंडांसमोर बसून मी आठ वर्षं वहीत "एकमताने" लिहीत आले, तारीख घालून, सहीनिशी.